कवटीला कान लावणारा डॉक्टर

माणसाच्या हृदयाचे विद्युतस्पंदन कागदावर उमटवता येते, हे विसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात सिद्ध झाले होते. हॉलंडमधील लायडन येथील विलेम आइन्थोव्हेन यांनी त्यासाठी तारेचा गॅल्व्हानोमीटर तयार केला. रुग्णाचे दोन्ही हात आणि एक पाय मिठाच्या पाण्याने भरलेल्या भांड्यांत बुडवायचे, भांड्यांना विजेच्या तारा जोडायच्या आणि उपकरणातील सूक्ष्म तारेची थरथर प्रकाशाच्या साहाय्याने टिपून घ्यायची, अशी ती पद्धत होती. १९२४ मध्ये आइन्थोव्हेन यांना या कार्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी जर्मनीतील येना या लहानशा विद्यापीठनगरीत एक मनोविकारतज्ज्ञ तशीच थरथर मेंदूतून मिळवण्याच्या खटपटीत होते. त्यांची अडचण मात्र कितीतरी मोठी होती. हात भांड्यात बुडवता येतो, डोके बुडवता येत नाही. मेंदू आणि उपकरण यांच्यामध्ये हाड, कातडी आणि केस असतात. शिवाय कातडीपर्यंत पोहोचणारा मेंदूचा विद्युतदाब हृदयाच्या मानाने कितीतरी पटींनी क्षीण असतो. या मनोविकारतज्ज्ञांचे नाव हान्स बर्गर.

बर्गर यांनी टिपलेल्या लहरींच्या आलेखाला आज सारे जग ईईजी या नावाने ओळखते. फेफऱ्याचे निदान, झोपेच्या विकारांची तपासणी, भूल दिलेल्या रुग्णावरची देखरेख, अतिदक्षता विभागातील बेशुद्ध माणसाच्या मेंदूचा मागोवा, अशा अनेक कामी त्याचा उपयोग होतो. कपाळपट्टीत, कानात बसणाऱ्या बोंडात किंवा कातडीला चिकटणाऱ्या पातळ पटलात बसवलेली, दिवसभर अंगावर वागवता येतील अशी ईईजीची साधने घडवण्याच्या मागे कित्येक प्रयोगशाळा लागल्या आहेत. त्यांच्यापुढचा मुख्य प्रश्न बर्गर यांच्यापुढे होता तोच आहे. कातडीला टेकणारा पदार्थ कोणता असावा? या प्रश्नापायी बर्गर यांची ऐन उमेदीची वर्षे खर्ची पडली. त्यांच्या आयुष्याच्या उत्तरार्धात मात्र असाही एक अध्याय आहे, की तो वाचल्यावर या शोधकाकडे निव्वळ कौतुकाने पाहणे शक्य होत नाही.

हान्स बर्गर यांचा जन्म २१ मे १८७३ रोजी कोबुर्गजवळच्या नॉयझेस या गावी झाला. वडील पाऊल बर्गर कोबुर्गच्या मनोरुग्णालयाचे प्रमुख डॉक्टर होते. आई अ‍ॅना ही कवी फ्रीडरिश रुकर्ट यांची कन्या. भारतीय वाचकाला हे नाव परके वाटण्याचे कारण नाही. पौर्वात्य भाषांचे गाढे अभ्यासक असलेल्या रुकर्ट यांनी जयदेवाचे गीतगोविंद आणि महाभारतातील नल-दमयंतीचे आख्यान जर्मन भाषेत आणले होते. एकीकडे वेड्यांच्या इस्पितळातील करडी शिस्त आणि दुसरीकडे आजोळची काव्य-अध्यात्माची ओढ, अशा दुहेरी वातावरणात हा मुलगा वाढला. त्याचा कल मात्र आकाशाकडे होता. खगोलशास्त्रज्ञ व्हायचे ठरवून तो गणित शिकण्यासाठी बर्लिनला गेला. पण तिथे मन रमेना, म्हणून एका सत्रानंतर अभ्यास सोडून वर्षभरासाठी सैन्यात दाखल झाला.

सैन्यातील या वर्षात घडलेल्या एका प्रसंगाने त्याच्या आयुष्याची दिशा बदलली. कवायतीच्या वेळी घोडा उधळला आणि बर्गर खाली फेकले गेले, ते घोडे जुंपलेल्या तोफेच्या वाटेतच. तोफगाडी ऐनवेळी थांबली आणि ते वाचले. त्याच दिवशी संध्याकाळी घरून तार आली. दूर असलेल्या बहिणीला भाऊ संकटात असल्याचे एकाएकी जाणवले होते आणि तिनेच वडिलांना तार करायला लावले होते. योगायोग म्हणून कुणीही हे सोडून दिले असते. बर्गर यांची मात्र खात्री पटली, की मरणाच्या भीतीच्या क्षणी आपले विचार कसल्यातरी शक्तीच्या रूपाने बहिणीपर्यंत पोहोचले. या अनुभवाविषयी त्यांनी आयुष्यभर जाहीर वाच्यता केली नाही. १९४० मध्ये, मृत्यूच्या आदल्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या पुस्तकात तो प्रथम सांगितला. मन आणि शरीर यांचा सांधा शोधण्याची जिद्द मात्र तेव्हापासूनच जागी झाली. खगोलशास्त्राचा नाद सुटला आणि त्यांनी वैद्यकाची वाट धरली.

१८९७ मध्ये येना विद्यापीठाची वैद्यकीय पदवी मिळवून बर्गर तेथील मनोरुग्णालयात ऑटो बिन्सवांगर यांच्या हाताखाली रुजू झाले. पुढची ४१ वर्षे, महायुद्धाचा काळ सोडल्यास, त्यांनी हे इस्पितळ सोडले नाही. त्यांच्या संशोधनामागची कल्पना पदार्थविज्ञानातून आली होती. ऊर्जा नष्ट होत नाही, केवळ रूप बदलते, हा नियम मेंदूलाही लागू असला पाहिजे. रक्तातून मेंदूला जी रासायनिक ऊर्जा मिळते तिची काही उष्णता होईल, काही वीज होईल आणि उरलेला भाग कदाचित मनाच्या व्यापारात खर्च होईल. ही बेरीज-वजाबाकी मांडता आली तर मनाच्या शक्तीचे मोजमाप हाती येईल, असा त्यांचा होरा होता. त्यासाठी त्यांनी आधी मेंदूतील रक्ताभिसरण तपासले, मग मेंदूचे तापमान मोजले. १९१० पर्यंत दोन्ही विषयांवर त्यांचे ग्रंथ प्रसिद्ध झाले. हवे ते उत्तर मात्र एकातूनही मिळाले नाही. उरली होती ती वीज.

मेंदूत वीज असते हे तेव्हा नवे नव्हते. लिव्हरपूलच्या रिचर्ड केटन यांनी १८७५ मध्ये ससे आणि माकडे यांच्या उघड्या मेंदूवर ती नोंदवली होती. पोलंडच्या आडोल्फ बेक यांनी १८९० मध्ये, केटन यांचे काम ठाऊक नसताना, तोच शोध स्वतंत्रपणे लावला. माणसाच्या बाबतीत मात्र कोणी यशस्वी झाले नव्हते. बर्गर यांनी १९०२ मध्ये कुत्र्याच्या मेंदूवर लिपमान यांचा केशनळीचा विद्युतमापक लावून पाहिला आणि १९१० मध्ये तारेचा गॅल्व्हानोमीटर. पण भरवसा ठेवावा असे काही हाती आले नाही. १९११ मध्ये त्यांचा विवाह झाला. पत्नी उर्सुला फॉन ब्यूलो पूर्वी त्यांच्याच प्रयोगशाळेत साहाय्यक होत्या. पहिल्या महायुद्धात बर्गर यांनी पश्चिम आघाडीवर लष्करी मनोविकारतज्ज्ञ म्हणून काम केले आणि १९१९ मध्ये बिन्सवांगर यांच्या जागी ते इस्पितळाचे संचालक झाले. अबोल, वक्तशीर, नियमांवर बोट ठेवणारे संचालक अशी त्यांची ख्याती होती. दिवसाचे काम आटोपल्यावर ते आपल्या छोट्या प्रयोगशाळेत नेमके काय करतात, याची कल्पना इस्पितळातील फार थोड्यांना होती.

६ जुलै १९२४ रोजी त्यांच्यासमोर १७ वर्षांचा एक तरुण होता. मेंदूत गाठ असल्याच्या संशयावरून त्याच्या कवटीच्या हाडाचा एक तुकडा शस्त्रक्रियेने काढलेला होता. त्या जागी मेंदूवर आवरणे आणि कातडी यांखेरीज काही नव्हते. बर्गर यांनी तिथे इलेक्ट्रोड ठेवले आणि गॅल्व्हानोमीटरच्या तारेकडे पाहत राहिले. तार किंचित, पण सतत हलत होती. माणसाच्या मेंदूची वीज प्रथमच कोणाच्या तरी नजरेस पडली होती. दुसरा एखादा असता, तर त्याच महिन्यात निबंध लिहून मोकळा झाला असता. बर्गर यांनी पाच वर्षे तोंडातून अवाक्षर काढले नाही.

या मौनाचे कारण इलेक्ट्रोडमध्ये होते. इलेक्ट्रोड म्हणजे शरीर आणि यंत्र यांच्या सीमेवर उभा असलेला दुभाषी. शरीरात वीज वाहते ती क्षारांच्या आयनांमार्फत. तारेत वाहते ती इलेक्ट्रॉनांमार्फत. एका भाषेतले दुसऱ्या भाषेत होते ते धातूच्या पृष्ठभागावर आणि ते होताना धातू स्वतःचीही भर घालतो. खारट ओलाव्यात धातू बुडाला की त्याच्या पृष्ठभागी एक लहानशी बॅटरीच तयार होते. तिचा दाब काही दशांश व्होल्ट असतो. कातडीवर मिळणाऱ्या मेंदूच्या लहरी असतात व्होल्टच्या दहा लाखाव्या भागाच्या मापाने १० ते १०० एवढ्याच, म्हणजे हजारो पटींनी लहान. दोन इलेक्ट्रोड अगदी एकसारखे आणि स्थिर असले तर त्यांचे दाब एकमेकांना छेदून जातात. पण एकावर जरा घाम आला, एक जरासा सरकला किंवा एकाचा पृष्ठभाग गंजला, तरी धातूची कुजबुज मेंदूच्या आवाजाला गिळून टाकते.

दुसरी अडचण कातडीची. कातडीचा वरचा मृत थर विजेला मोठा अडथळा करतो. बर्गर यांच्याकडे सुरुवातीला विवर्धक नव्हता. गॅल्व्हानोमीटर चालतो तो त्यातून वाहणाऱ्या प्रवाहावर. त्यामुळे वाटेतला अडथळा जितका मोठा, तितकी तारेची थरथर कमी. हा थर टाळण्याचा सरळ उपाय म्हणजे सुई. जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादी सुया बर्गर यांनी कातडीखाली टोचल्या. हाड काढलेले असेल तिथे अधिक खोलवर नेल्या. नोंद मिळे, पण ज्याला टोचायचे त्याला वेदना होत. निरोगी माणसावर असा प्रयोग वारंवार करणे शक्य नव्हते आणि निरोगी माणसाची नोंद हाती आल्याशिवाय शोधाला अर्थ नव्हता.

मग सुरू झाला धातूंचा शोध. बर्गर यांनी चांदीचे पातळ पत्रे वापरून पाहिले, शिशाचे वापरून पाहिले. मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या फ्लॅनेलच्या कापडात पत्रा गुंडाळायचा, एक कपाळावर आणि एक डोक्याच्या मागे ठेवायचा आणि रबरी पट्ट्याने घट्ट आवळायचा, अशी रीत त्यांनी बसवली. अंगावर बाळगायच्या प्रत्येक ईईजी साधनाचे मूळ या ओल्या कापडात आहे असे म्हणता येईल. या पट्ट्याखाली अनेकदा बसला तो त्यांचा स्वतःचा मुलगा क्लाउस. किशोरवयीन क्लाउसच्या डोक्यावरून घेतलेल्या नोंदी हा बर्गर यांच्या पहिल्या निबंधाचा मोठा आधार ठरला. पुढे त्यांनी चांदीच्या सुयांवर क्लोराइडचा थर चढवून त्या वापरल्या. सिल्व्हर क्लोराइडच्या थरामुळे धातू आणि द्रव यांच्यातील देवघेव दोन्ही दिशांनी सुरळीत चालते, पृष्ठभागी विद्युतभार साचून राहत नाही आणि धातूची कुजबुज मंदावते.

तरीही बर्गर यांचा स्वतःवरच विश्वास बसेना. तारेची हालचाल नाडीची तर नसेल? श्वासाची? कपाळाच्या स्नायूंची? डोळ्यांच्या हालचालीची? की निव्वळ धातूची? एकेक शंका घेऊन त्यांनी ती निस्तरली. मेंदूच्या नोंदीबरोबरच हृदयाची नोंद घेतली आणि दोन्हींचा ताल वेगळा असल्याची खात्री करून घेतली. इलेक्ट्रोडचा धातू बदलला, जागा बदलली, उपकरण बदलले. सीमेन्स कंपनीचा अधिक संवेदनशील गॅल्व्हानोमीटर आणला. लहर तशीच राहिली. विजेच्या तंत्रात ते पारंगत नव्हते. पुढे इस्पितळ पाहायला आलेल्या तज्ज्ञ पाहुण्यांना त्यांचे या विषयातील अज्ञान जाणवलेही. तंत्रातली ही उणीव त्यांनी चिकाटीने आणि संशयाने भरून काढली. पदार्थ बदलूनही जे बदलत नाही ते पदार्थाचे नव्हे, हा त्यांचा युक्तिवाद आजही तितकाच बिनतोड आहे.

१९२९ मध्ये एका जर्मन मनोविकार नियतकालिकात त्यांचा माणसाच्या विद्युतमस्तिष्कालेखावरील पहिला निबंध आला. १९३८ पर्यंत याच शीर्षकाखाली एकामागून एक असे १४ निबंध त्यांनी लिहिले. माणूस डोळे मिटून स्वस्थ बसला की सेकंदाला सुमारे दहा या गतीने येणाऱ्या मोठ्या लहरींना त्यांनी अल्फा म्हटले. त्यांच्याहून लहान आणि जलद लहरींना बीटा. डोळे उघडले किंवा मनातल्या मनात हिशेब सुरू केला की अल्फा लहरी मावळतात, हेही त्यांनी दाखवून दिले. झोप, भूल, फेफरे अशा अवस्थांत आलेख कसा पालटतो याच्या नोंदी केल्या. शरीरक्रियाशास्त्राच्या जगाने मात्र काणाडोळा केला. मेंदूत कोट्यवधी पेशींचा गलबला चालू असताना त्यातून इतका सुबक, संथ ताल बाहेर पडेल हेच कोणाला पटेना. नक्कीच हा उपकरणाचा किंवा स्नायूंचा दोष असणार, असे बहुतेकांना वाटले.

हा समज दूर झाला तो इंग्लंडमध्ये. मज्जातंतूंवरील कार्यासाठी १९३२ चे नोबेल पारितोषिक मिळवलेले केंब्रिजचे एडगर एड्रियन यांनी सहकारी मॅथ्यूज यांच्यासह बर्गर यांचे प्रयोग पुन्हा करून पाहिले. एड्रियन यांनाही आधी शंकाच होती. १९३४ मध्ये शास्त्रज्ञांच्या सभेत ते स्वतःच इलेक्ट्रोड लावून बसले. डोळे मिटले की लहरी येत, उघडले की जात. एड्रियन यांनी मोठ्या मनाने त्या तालाला बर्गर यांचे नाव दिले. येनाच्या एकाकी डॉक्टरचे नाव वर्षभरात अटलांटिकपार गेले. १९३५ मध्ये बोस्टनच्या संशोधकांनी फेफऱ्याच्या एका प्रकारात सेकंदाला तीन या गतीने येणारे वैशिष्ट्यपूर्ण आलेख दाखवले आणि ईईजी रुग्णशय्येपाशी येऊन पोहोचला. १९३७ मध्ये पॅरिस येथील आंतरराष्ट्रीय मानसशास्त्र परिषदेत बर्गर यांचा मोठा सन्मान झाला. त्यांच्या आयुष्यातला हा उंचीचा क्षण होता.

याच वर्षांत त्यांचे आणखी एक काम चालू होते. जुलै १९३३ मध्ये नाझी राजवटीने आनुवंशिक रोगांच्या नावाखाली सक्तीच्या नसबंदीचा कायदा केला. तो १९३४ च्या प्रारंभी अमलात आला. त्याच्या यादीत मतिमंदत्व आणि छिन्नमनस्कता यांच्या जोडीला आनुवंशिक फेफरेही होते. निर्णय देण्यासाठी आनुवंशिक आरोग्य न्यायालये स्थापन झाली आणि त्यांच्यावरील अपिलांसाठी वरिष्ठ न्यायालये. येनाच्या अशा वरिष्ठ न्यायालयात बर्गर यांनी वैद्यकीय सदस्य म्हणून काम केले. नसबंदीच्या हुकमाविरुद्ध दाद मागणाऱ्या माणसांची अपिले तिथे फेटाळली जात. नाझी पक्षाचे सदस्यत्व त्यांनी घेतले नव्हते. पण एसएस या संघटनेला नियमित वर्गणी देणाऱ्या पाठीराख्या सदस्यांत त्यांचे नाव होते. त्या कायद्याखाली जर्मनीत सुमारे ४ लाख माणसांची सक्तीने नसबंदी झाली. फेफऱ्याच्या रुग्णाच्या मेंदूतील लहर हळुवारपणे टिपायला शिकलेला डॉक्टर त्याच आजाराच्या माणसांचे भवितव्य ठरवणाऱ्या आसनावर बसला होता.

बर्गर नाझींच्या छळाचे बळी ठरले, त्यांना एका दिवसात पदावरून हाकलण्यात आले, अशी कहाणी त्यांच्या मृत्यूनंतर कित्येक दशके सांगितली गेली. अनेक चरित्रलेखांत ती आजही आढळते. विद्यापीठातील आणि न्यायालयातील कागदपत्रे अभ्यासकांनी एकविसाव्या शतकात तपासली, तेव्हा निराळे चित्र पुढे आले. १९३८ मध्ये वयाची ६५ वर्षे पूर्ण झाल्यावर ते रीतसर निवृत्त झाले होते. १९४१ मध्ये वांशिक शुद्धतेचा कट्टर पुरस्कर्ता आणि विद्यापीठाचा कुलगुरू कार्ल आस्टेल याने त्यांना पुन्हा त्या न्यायालयाच्या कामासाठी विचारले, तेव्हा त्यांनी होकारच कळवला होता. ते काम करण्याइतके आयुष्य त्यांना लाभले नाही. आजारपण आणि दीर्घ नैराश्य यांनी ग्रासलेल्या बर्गर यांनी १ जून १९४१ रोजी येनामध्ये, ज्या इस्पितळात हयात घालवली तिथेच, गळफास घेऊन आयुष्य संपवले. त्यांच्या आधी मेंदूची वीज टिपणारे पोलंडचे ज्यू शास्त्रज्ञ आडोल्फ बेक यांनी पुढच्याच वर्षी, १९४२ मध्ये, नाझींच्या ताब्यातील लव्होव्ह शहरात विष घेतले. आपल्याला छावणीत नेण्यासाठी माणसे आली आहेत हे त्यांना कळले होते.

बर्गर गेले, त्यांची लहर राहिली. त्यांच्यानंतर चांदी आणि सिल्व्हर क्लोराइड यांची जोडी ईईजीच्या इलेक्ट्रोडची जणू मानदंडच बनली. फ्लॅनेलच्या ओल्या कापडाची जागा क्षारयुक्त मलमाने घेतली. तंत्रज्ञ केस बाजूला सारतो, कातडी हलकेच घासतो, मलम भरतो आणि इलेक्ट्रोड बसवतो. इस्पितळातील अर्ध्या-एक तासाच्या तपासणीला ही पद्धत उत्तम आहे. पण फेफरे वेळ सांगून येत नाही. झोपेचा विकार घरच्या अंथरुणावर जसा प्रकटतो तसा इस्पितळात प्रकटेलच असे नाही. दिवस-रात्र नोंद घ्यायची तर मलम काही तासांत सुकते, कातडीची आग होते, केस चिकट होतात आणि मान हलवली की तार ओढली जाते.

म्हणून कोरड्या इलेक्ट्रोडचा शोध सुरू झाला. केसांतून वाट काढणारे, सोन्याचा मुलामा दिलेले आणि स्प्रिंगवर बसवलेले कंगव्यासारखे दाते हा त्यातला एक प्रकार. कार्बन किंवा चांदीचे कण मिसळलेले लवचिक रबर हा दुसरा. वीज आणि आयन या दोन्ही भाषा जाणणारी संवाहक बहुवारिके हा तिसरा आणि बहुधा सर्वांत आश्वासक प्रकार. मऊपणा येथे केवळ सुखासाठी नसतो. कडक धातू कातडीच्या बारीक खाचखळग्यांवर अधांतरी टेकतो. मऊ पदार्थ त्यांच्यात बसतो. स्पर्शाचे क्षेत्र वाढले की अडथळा घटतो आणि हालचालीने होणारा गोंगाटही कमी होतो.

२०११ मध्ये अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या जॉन रॉजर्स यांच्या गटाने नागमोडी सूक्ष्म तारांचे, कातडीसारखे ताणले जाणारे पटल दाखवले. कपाळावर चिकटवल्यावर त्याने डोळे मिटताच येणारी अल्फा लहर अचूक टिपली. २०१७ मध्ये टेक्सास विद्यापीठातील संशोधकांनी कार्बनच्या एका अणूइतक्या जाडीच्या ग्राफीनपासून गोंदणासारखा इलेक्ट्रोड तयार केला; आधारपटलासह त्याची जाडी अर्ध्या मायक्रॉनपेक्षाही कमी होती. त्याच विद्यापीठातील नानशू लू यांच्या गटाने २०२४ च्या अखेरीस आणखी एक पाऊल टाकले. संवाहक बहुवारिकाची शाई आखूड केस असलेल्या डोक्यावर थेट फवारून त्यांनी तिथल्या तिथे इलेक्ट्रोड उमटवले. नेहमीचे मलम सहा तासांत सुकू लागले आणि त्यावरचे एक तृतीयांशाहून अधिक इलेक्ट्रोड निकामी झाले. शाईचे इलेक्ट्रोड किमान २४ तास टिकले. दाट, लांब केस, घाम आणि चालण्या-बोलण्याची हालचाल यांचे कोडे अजून पुरते सुटलेले नाही. चांदी आणि सिल्व्हर क्लोराइडच्या स्वच्छ नोंदीशीच अजूनही प्रत्येक नव्या पदार्थाची तुलना होते.

मनातले विचार दूरवर पोहोचतात ही बर्गर यांची मूळ समजूत ईईजीने कधीच सिद्ध केली नाही. इतक्या क्षीण लहरी कवटीबाहेर काही अंतर तरी जातील, हेसुद्धा संभवत नाही, याची जाणीव खुद्द त्यांनाच झाली होती. मेंदूतून मन वाचण्याचा मोह मात्र टिकून राहिला. २००८ मध्ये पुण्यातील एका खून खटल्यात न्यायालयाने आरोपीच्या मेंदूच्या विद्युतचाचणीचा अहवाल पुराव्यांत विचारात घेतला, तेव्हा जगभरच्या मेंदूतज्ज्ञांनी त्यावर टीका केली. ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की संमतीवाचून कोणाचीही अशी चाचणी घेता येणार नाही. तसे करणे व्यक्तिस्वातंत्र्याचा आणि स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याच्या हक्काचा भंग ठरेल. दक्षिण अमेरिकेतील चिली देशाने २०२१ मध्ये मेंदूच्या हालचालींच्या माहितीला संविधानाचे संरक्षण दिले. तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये डोक्यावर बांधायच्या ईईजी पट्ट्याच्या एका उत्पादक कंपनीला ग्राहकाच्या मेंदूची साठवलेली माहिती पुसून टाकण्याचा आदेश दिला.

बर्गर यांची पोलादी सुई टोचे तेव्हा ज्याला टोचायची त्याला ते कळे. शिशाचा पत्रा आणि रबरी पट्टा बांधून बसलेल्या क्लाउसला आपल्या मेंदूची नोंद घेतली जात आहे हे क्षणभरही विसरता येत नसे. इलेक्ट्रोडच्या त्रासातच एक प्रकारचा पहारा होता. नव्या पदार्थांचे सारे यश माणसाला इलेक्ट्रोडचा विसर पाडण्यात आहे. फेफऱ्याच्या रुग्णासाठी ते वरदान ठरेल, यात शंका नाही. पण तो पहारा उठल्यावर त्याची जागा संमतीने आणि कायद्याने घेतली पाहिजे. येनाच्या न्यायालयात अपील घेऊन आलेल्या माणसांपाशी संमती नाकारण्याचा अधिकार नव्हता आणि त्यांच्यासमोरच्या आसनांपैकी एकावर मेंदूची भाषा प्रथम ऐकणारा डॉक्टर बसलेला होता.